हन्नाबाईच्या माळ्यावरचा डबा

मित्रांनो, मला डबडं म्हणालात तर याद राखा. मी डबा आहे. गोडेतेलाचा, पंधरा किलोचा, चौकोनी, वरून कापलेला, दोन्ही बाजूंनी भोकं पाडून तार ओवलेला. माझ्या अंगावर एकशे चव्वेचाळीस पोचे आहेत, आणि त्यातला एकेक पोचा कुणी पाडला, कधी पाडला, कशानं पाडला, ते मला तोंडपाठ आहे. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर बांधावरून सरळ पुढं जा. पुढं भागवतचा ऊस आहे, गोड काय ते तिथं मिळेल. माझ्याकडं नाही.

बसला? बरं. मग ऐका.

माझा जन्म नगरच्या नागापूरचा, कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका शेडमधला. एका मिनिटाला आम्ही चाळीस भाऊ जन्माला येत होतो. बाकीचे सगळे टण् करून गप्प बसले. मी मात्र असा काही ठणाणलो की मशीनवरचा माणूस घाबरून पाणी प्यायला गेला, तो संध्याकाळीच परत आला. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा.

पोटात शेंगदाण्याचं तेल भरून मला कोल्हारच्या एका दुकानात आणलं. तिथून मला मार्क मास्तरांनी उचललं. मास्तर म्हणजे तिथल्या शाळेतले गुरुजी, ख्रिस्ती माणूस, शिस्तीचा. त्यांच्या थोरल्या पोरीचं, हन्नाचं, लग्न होतं. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, लग्न लागलं आणि बेलापूरला सासरी निघताना मास्तरांनी तिच्याबरोबर मला दिलं. म्हणाले, "पोरीला पहिल्या वर्षी तळनाला तेल कमी पडाया नको."

वर्ष भरलं नाही. अकरा महिन्यांनी हन्ना एसटीतून कोल्हारच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिच्या हातात मी एकटाच होतो. रिकामा. आत दोन लुगडी आणि एक बायबल. सासरी काय झालं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही. पत्र्याचा असलो म्हणून काय झालं, पोटात ठेवायला मला तेलानंच शिकवलंय.

आता लोक काय करतात? डबा रिकामा झाला की भंगारात घालतात, कोंबडी उबवायला बसवतात, नाहीतर तुळस लावतात. हन्नाबाईनं मला रानात नेलं.

कोल्हारला प्रवरेचं पाणी, त्यामुळं जिकडं बघावं तिकडं ऊस. त्या उसाच्या मधोमध हन्नाबाईची दीड एकर ज्वारी. शेजारचा भागवत दरवर्षी बांधावर येऊन म्हणायचा, "हन्नाबाई, ऊस लाव की. पाखराचा तरास न्हाई."

"आन् खाऊ काय? साखरंच्या भाकरी थापू?"

आता आजूबाजूला ज्वारीचं रान एवढंच म्हटल्यावर अख्ख्या तालुक्याची पाखरं जेवायला कुठं येणार? चिमण्या, राघू, साळुंक्या, आणि थंडी पडली की भोरड्या. भोरडी म्हणजे साळुंकीची भामटी चुलत बहीण. गुलाबी पोट, काळं डोकं, आणि एकटी म्हणून कधी येत नाही. हजाराच्या टोळीनं येते, कणसावर बसते, आणि दुधातला दाणा असा काढते की मागं नुसती टरफलं राहतात.

म्हणून रानाच्या मधोमध चार मेढी रोवून वर फळ्या टाकल्या होत्या. त्याला आम्ही माळा म्हणतो. हन्नाबाई सकाळी उजाडताना माळ्यावर चढायची, मला तारेनं खांद्याला अडकवायची, काठीनं बडवायची, आणि तोंडानं शिव्या द्यायची. पण शिव्या तरी कसल्या! रविवारी देवळात बायबलातलं जे ऐकायची ते सोमवारी पाखरांच्या टाळक्यात घालायची.

"आली आली भोरडी, फारोची फौज,
दुसऱ्याच्या ज्वारीवर करती मौज!
हाऽऽ व्हो! हाऽऽ व्हो!
मोशे मारील काठी, समुद्र बुडवील,
पिसं तेवढी प्रवरेच्या पुलाखालून जातील!"

एकदा तिनं राघूंना अशी शिवी हासडली की एक म्हातारा राघू लाजून पिवळा पडला. आठ दिवस लिंबाच्या झाडावर पाठ करून बसला होता. आणि माझा आवाज? मनमाड रोडवरची एसटी थांबायची. ड्रायव्हर खाली उतरून चारी टायर बघायचा.

तर असे आम्ही दोघं. आणि माळ्याखाली सावलीला कोण बसायचं? एलिया. हन्नाबाईचा धाकटा भाऊ, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. मांडीवर दोनशे पानी वही. अभ्यास करतो म्हणून सांगायचा. करायचा काय, तर वरून हन्नाबाई जी शिवी टाकील ती खाली वहीत झेलायचा. मी बघत होतो. मला वाटलं, बहिणीचं कौतुक वाटतंय पोराला. पत्र्याची अक्कल माझी.

दुपारी पाखरंसुद्धा झाडात बसतात. तेव्हा हन्नाबाई काठी बाजूला ठेवायची आणि बोटांनी माझ्या पाठीवर हळूहळू ताल धरायची. तेव्हा ती जे म्हणायची ते पाखरांसाठी नव्हतं. कुणासाठीच नव्हतं.

"भरला डबा दिला, बाई, रिकामा परत आला,
तेल त्यांनी खाल्लं, पत्रा मला ऱ्हायला.
पत्र्याला ऱ्हातोय वास गं, धुतला तरी जाईना,
गेलं ते तेल, बाई, पुन्यांदा काय येईना."

हे गाणं माझ्यावरचं होतं, मित्रांनो. जगात किती डब्यांवर गाणं झालंय? मी एकटा. आणि ते ऐकणारे आम्ही दोघंच. मी, आणि खालचा तो वहीवाला.

पुढं मास्तर वारले. एलिया पुण्याला गेला, तिथून मुंबईला, आणि बघता बघता मोठा गाणी लिहिणारा झाला. लग्नाच्या वरातीत डीजेवर वाजतात ना, ती गाणी. "आली आली भोरडी" होतं, त्याचं यानं "आली आली छोकरी" केलं आणि महाराष्ट्र नाचला. राघूची शिवी घेतली, नवऱ्याला लावली, आणि महाराष्ट्र पुन्हा नाचला. हन्नाबाईला कुणीतरी मोबाईलवर ऐकवलं तर ती हसली. म्हणाली, "माझ्या शिव्यांवर त्याचं पोट भरतंय तर भरू दे. पाखरं काय, भाऊ काय."

मग भागवतच्या पोराचं, हर्षलचं, लग्न झालं. दहा वर्षं झाली त्याला.

वरात हन्नाबाईच्या दारावरून चालली होती. ती मला ओट्यावर पालथं ठेवून शेंगा फोडत बसली होती. डीजेच्या गाडीवरून धाडधाड गाणं सुरू झालं, "रिकामा डबा, रिकामा डबा, नाचा रं नाचा, रिकामा डबा परत आला!"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

शब्द तेच. तेलाचे, वासाचे, परत न येणाऱ्याचे. मधे मधे शिट्ट्या घातलेल्या. पोरं नाचतायत, बाया हसतायत, आणि कुणालाच माहीत नाही की ही कुणाच्या घरची गोष्ट आहे. नवरदेवाच्या एका मित्राला मी दिसलो. त्यानं मला उचललं, डोक्यावर घेतलं आणि नाचायला लागला. वर म्हणतो, "हा बघा, रिकामा डबा!" सगळ्यांनी मला बडवलं. पोचा सत्तावीस ते एकसष्ट, एका संध्याकाळचे.

हन्नाबाई रस्त्यात उतरली, त्याच्या डोक्यावरून मला काढलं, आणि घरात जाऊन कडी लावली.

त्या नाताळाला एलिया नवीन साडी घेऊन आला. दारातच म्हणाला, "अक्का, ऐकलंस का माझं डब्याचं? सगळे म्हनतात, तेच भारी हाय."

"कुनाचं?"

"काय कुनाचं?"

"डब्याचं गानं कुनाचं म्हनालास?"

"माझंच की. म्हंजे... लिवलं तर म्याच ना."

हन्नाबाईनं मला घेतलं आणि बडवायला लागली. त्यानं तोंड उघडलं की बडव. मिटलं की थांब. उघडलं की बडव. तासाभरानं तो साडी ओट्यावर ठेवून निघून गेला. ती साडी तिनं मेढीवर फाडून बांधली, पाखरांना भिववायला.

त्यानंतर नऊ नाताळ झाले. दर नाताळाला तो यायचा, ती बडवायची, तो जायचा. आणि सगळ्यात वाईट सांगू? त्या दिवसापासून माळ्यावर तिचं तोंड बंद झालं. नुसता मी वाजायचो. फारो नाही, मोशे नाही, राघूला शिवी नाही. मला बडवून घ्यायचा कंटाळा कधी आला नाही, पण मुक्यानं बडवून घ्यायचा आला.

तिकडं एलियाची वही संपली. शेवटचं पान वापरून झालं आणि नवीन येईना. कसं येणार? पाणी ज्या विहिरीचं तिच्यावरच यानं दगड टाकलेला. लोक म्हणायला लागले, एलिया आटला. तो गाडी घेऊन डोंगरात जाऊन बसला, समुद्रावर जाऊन बसला, कुठल्याशा बाबाकडं जाऊन बसला. एक ओळ नाही.

आणि मित्रांनो, शहरातल्या माणसाला काही येईनासं झालं की त्याच्यावर सिनेमा काढतात.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत, दाणा अगदी दुधात आलेला, दोन टेम्पो बांधाला लागले. पुण्याची दिशा नावाची मुलगी उतरली. ती सिनेमा काढणारी. तिच्याबरोबर ओंकार, आवाज धरणारा. त्याच्या हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला मेलेल्या मुंगसासारखं काहीतरी केसाळ. मागून एलिया, काळा चष्मा लावून. सिनेमा म्हणे वेगळा होता. त्यात कुणी नाचत नाही, कुणी मारत नाही. मोठा गीतकार असतो, त्याला शब्द सुचत नाहीत, म्हणून तो दोन तास इकडंतिकडं बघतो. गीतकाराचं काम एलियाच करणार, म्हणजे खरंखुरं.

एलियाला बघताच हन्नाबाईनं काठी उचलली आणि मी सुरू झालो. ठण् ठण् ठण् ठण्.

दिशा माळ्याखाली येऊन ओरडली, "मावशी! दोन तास हा आवाज थांबवाल का? आम्हाला इथं शांतता हवी आहे!"

"आन् माझी ज्वारी कोन राखील? तुझा बाप?"

"मावशी, फक्त दोन तास!"

"दोन तासांत भोरडी काय करती तुला म्हाईत हाय का? दोन तासांत ती तुझा टेम्पोबी खाईल."

एलिया पुढं आला. चष्मा काढला. "अक्का, माझं समदं ह्या सिनेमावर हाय. ह्यो पडला तर मी संपलो. हात जोडतो."

हन्नाबाईनं काठी खाली केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी नीट बोलली.

"डब्याचं गानं कुनाचं, त्ये खरं सांगनार का? समद्यांम्होरं? त्या मशिनीत?"

एलिया चष्मा पुसायला लागला.

"सांगनार असशील तर दोन तास मी तोंडात बोळा घालून बसते. न्हाई तर जा, माझं पाखरू बसतंय."

"सांगतो."

"मोठ्यानं बोल."

"सांगतो, अक्का! तुजंच म्हनून सांगतो!"

ती माळ्यावरून खाली उतरली. मला बांधावर पालथं घातलं, वर गोणपाट टाकलं, आणि पदराचा बोळा खरंच तोंडात घालून माझ्याशेजारी बसली.

दिशा ओरडली, "सायलेन्स!"

आणि रान गप्प झालं. मित्रांनो, वीस-पंचवीस वर्षांत ते रान दिवसा असं गप्प कधी झालं नव्हतं. मला गोणपाटाखालून चिरीतून दिसत होतं. पहिली एक भोरडी आली. मेढीवर बसली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. माळा रिकामा. डबा गप्प. ती उडून गेली, आणि कुठं गेली ते मला बरोबर कळलं. पाव्हण्यांना बोलवायला.

पाच मिनिटांत आभाळ काळं झालं. अशी टोळी मी जन्मात बघितली नव्हती. राहुरीच्या, श्रीरामपूरच्या, मला तर वाटतं थेट मनमाडच्या. वाकलेलं एक कणीस, त्याच्यावर पाच पाच. चरचर चरचर, जसं काही पिठाची गिरणी चाललीय. हन्नाबाईच्या मुठी आवळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण बोळा काढला नाही. शब्द दिला होता ना.

आणि तिकडं एलिया मशिनीकडं बघून बोलत होता. दिशानं विचारलं, "ते गाणं तुम्हाला कसं सुचलं?"

एलिया म्हणाला, "माझ्या आत एक पोकळी आहे..."

चरचर चरचर.

"...मी या मातीत वाढलो. या शांततेत. इथं मला माझा आवाज सापडला..."

सांग ना, मेल्या. मी गोणपाटाखाली फुटायच्या बेताला आलो होतो.

"...एका पहाटे मी उठलो, आणि ते शब्द आपोआप आले. कुठून आले, मला माहीत नाही. तो रिकामा डबा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही. तो डबा म्हणजे मीच आहे."

डबा म्हणजे तू? डबा म्हणजे मी! पोचे मला, गंज मला, अकरा महिने त्या घरात मी, आणि डबा म्हणजे तू?

दोन तास तो बोलला. हन्नाबाईचं नाव आलं नाही. एकदा "माझी एक बहीण होती" म्हणाला. होती! वीस हातांवर ती तोंडात पदर कोंबून बसलेली.

दिशा म्हणाली, "कट. फार सुंदर झालं, सर."

हन्नाबाईनं बोळा काढला. उठली. आधी रान बघितलं. माळ्याच्या अलीकडची अर्धी ज्वारी टकली झाली होती. ताटं उभी, त्यांच्यावर नुसत्या काड्या. मग ती माझ्याकडं वळली, गोणपाट काढलं, आणि मला घेऊन एलियाकडं गेली. मला वाटलं, आता हाणते त्याच्या डोक्यात. मी तयार होतो. चांगला कोपरा पुढं करून होतो.

तिनं हाणलं नाही. माझी तार त्याच्या गळ्यात घातली.

"चढ."

"अक्का, आगं सांगनार हुतो, पर त्या बाईनं पयलाच सवाल असा..."

"चढ माळ्यावर. अर्धी ऱ्हायलीय ती राख. मोठा गानी करनारा ना तू? ह्ये तेच काम हाय. कर."

दिशानं ओंकारला हळूच खूण केली. मशीन पुन्हा सुरू झाली.

एलिया चढला. धापा टाकत, चांगल्या कपड्यांत. मला बडवलं. भोरड्यांनी मान वर करून बघितलं आणि खायला लागल्या. त्यांना हन्नाबाईच्या हाताची ओळख. हा कोण?

त्यानं आपली डीजेची गाणी म्हटली. मित्रांनो, भोरड्या ठेक्यावर माना हलवत खायला लागल्या! दोन तर कणसावरच फुगडी घालत होत्या. मग त्यानं बहिणीचं म्हटलं, "आली आली भोरडी, फारोची फौज." एक भोरडी उडाली आणि त्याच्या खांद्यावर येऊन बसली. चोच पुसली त्याच्या कॉलरला.

बांधावर भागवत आला होता. तो खो खो हसला. "एलिया, आता तुज्या नावाचंबी त्यांना भ्या वाटंना का रं?"

उरलेली ज्वारी जात होती. डोळ्यांदेखत. हन्नाबाई खाली कमरेवर हात ठेवून उभी. एलियानं तिच्याकडं बघितलं. मग टकल्या रानाकडं. मग त्याचा हात माझ्या पाठीवर पडला. तो ओरडला. शहरातल्या बोलीत नाही, आपल्या.

"अरं भोरड्यांनो, तुमी खाल्ली नुसती कनसं,
म्या खाल्ली बहिनीची झाकलेली आसवं!
तुमच्या चोचीत दाना, माज्या गळ्यात हार,
सांगा, कुनाच्या चोरीनं भरला बाजार?
अरं माळ्यावर चोर हाय! माळ्यावर चोर हाय!
डब्याचं गानं हन्ना अक्काचं! तिचं हाय, माजं न्हाय!"

आणि मला असं काही हाणलं, असं काही हाणलं, की पोचा एकशे त्रेचाळीस आणि एकशे चव्वेचाळीस एकदमच पडले. हे दोनच पोचे मी माझ्या खुशीनं अंगावर बाळगतो.

भोरड्या उठल्या. सगळ्या. एकदम. कोल्हारात अर्धा तास अशी सावली पडली की लोकांनी वाळवणं आत घेतली.

रानात पुन्हा शांतता. हन्नाबाई ओंकारकडं वळली. "त्या मुंगसात घावलं का समदं?"

"घावलं, मावशी."

"मंग पुसू नका."

दिशा डोळे पुसत पुढं आली. "मावशी, काय झालं हे! फक्त शेवटच्या ओळीवर डब्याचा आवाज जरा जास्त आलाय. परत एकदा घेऊ या का? जरा शांतता ठेवून?"

हन्नाबाईनं काठी शोधली. काठी सापडली नाही, कारण ओंकार ती घेऊन आधीच टेम्पोत जाऊन बसला होता. शहाणा मुलगा.

एलिया खाली उतरला. "अक्का, माफ केलंस का?"

"न्हाई."

"गानं कसं झालं?"

"वंगाळ झालं. पर तुजं हाय. पयलं गानं केलंस आज." मग म्हणाली, "सकाळी साडेसहाला ये."

"कशाला?"

"दाना कडक व्हायला अजून तीन आठवडे हाईत. अर्धी ज्वारी घालवलीस, अर्धी राख. तुला काय वाटलं, येका गान्यात भागलं?"

तो यायचा. रोज. साडेसहाला बांधावर उभा राहायचा, आणि हन्नाबाई आधी त्याचे खिसे झाडायची. पेन, कागद, मोबाईल, जे निघेल ते माझ्या पोटात. मोबाईल तर असला भारी होता म्हणे, त्याची किंमत सांगताना भागवतची जीभ अडखळली. तो आत आणि मी वाजतोय. खडाम् ठण्, खडाम् ठण्. मित्रांनो, इतका गोड आवाज माझ्या अंगातून तेल होतं तेव्हाही निघाला नव्हता.

नवव्या दिवशी ती स्वतःच मला घेऊन माळ्यावर चढली आणि तिनं तोंड उघडलं. नऊ वर्षांनी.

"भोरड्यांनो, उडा आता, वाटेकरी आला,
चोच न्हाई त्याला, तरी येचून खाऊन गेला!
हाऽऽ व्हो! त्याच्या खिशात बघा रं बघा,
माजा शबुद घावला तर टकुऱ्यावर हगा!"

खाली एलिया हसला आणि सवयीनं त्याचा हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा. मी वरून मोबाईल वाजवून दाखवला.

सिनेमा दिवाळीत आला म्हणतात. मी बघितला नाही, मला कोण नेणार? पण गेल्या महिन्यात दुपारची एक वरात आमच्या दारावरून चालली होती. मधूनच कुणीतरी ओरडलं, "ए डीजे, त्ये हन्नाबाईचं लाव की! हन्नाबाईचं डब्याचं!"

ती ओट्यावर शेंगा फोडत होती. हातातली शेंग तशीच राहिली. मग उठली, मला काखेत मारलं, रस्त्यात उतरली आणि डीजेच्या गाडीला हात लावला.

"बंद कर."

बंद झालं.

"ह्ये नाचायचं न्हाई. ह्ये बसून ऐकायचं असतंय. बसा."

आणि सगळी वरात डांबरी रस्त्यावर बसली. बाया बसल्या, पोरं बसली, नवरदेव घोड्यावरून उतरून बसला. आणि नवरदेव बसला म्हणून घोडाही बसला. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा. हन्नाबाईनं माझ्या पाठीवर बोटांनी ताल धरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. कुणी शिट्टी मारली नाही. एका म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. बस्स.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी काही हात जोडून मागत नाही. घरात जुना डबा असेल तर पावसात उताणा टाकू नका. पालथा ठेवा. दिवाळीला तेलाचं बोट फिरवा अंगावरून, गंज लागत नाही. आणि कुणाच्या तोंडचं काही उचलून मिरवायचं असेल तर आधी त्याला जाऊन विचारा, मग त्याचं नाव घ्या, आणि मगच तोंड उघडा. नाहीतर दीड एकराच्या मधोमध माळा अजून उभा आहे, चढायला लावणारी अजून धडधाकट आहे, आणि माझ्या अंगावर पोच्यांना अजून जागा आहे.

आता हात काढा माझ्यावरून. दाणा दुधात आहे. भोरड्या आल्या.